हासेगावकर सरांची तीन नंबरची कॅसेट

प्रिय तन्वी आणि मिहिर,

गेल्या रविवारी फोनवर तन्वीने विचारलं, "आजी, आमच्या वर्गात एक खूप जुनं नाटक आहे. आम्ही ते पडद्यावर बघतो, मग आपापल्या आवाजात रेकॉर्ड करतो, मागे चित्रं लावतो. तुमच्या शाळेत नाटक कसं शिकवायचे?" मी म्हणाले, "पुस्तकातून वाचून दाखवायचे, आणखी काय!" फोन ठेवला. नातीने सरळ प्रश्न विचारला होता आणि मी खोटं उत्तर दिलं होतं.

आजी सगळं जागच्या जागी ठेवते म्हणून तुमची आई माझी चेष्टा करते. ही एक गोष्ट मात्र मी तीस वर्षं कुठेच ठेवली नाही. आता माझे हात थरथरायला लागलेत, अक्षर बिघडायच्या आत लिहून काढते. आईकडून वाचून घ्या. अडेल तिथे तिला विचारा, ती लातूरचीच आहे.

लातूरच्या ज्या शाळेत मी इंग्रजी शिकवत असे, तिथे हासेगावकर सर मराठी शिकवायचे. उंच, किंचित वाकलेले, वर्षभर एकाच पद्धतीचा राखी बुशशर्ट, वरच्या खिशात पेनाऐवजी स्क्रू-ड्रायव्हर. मूळचे उदगीरकडचे, त्यामुळे पोरांना "तम्मा", म्हणजे कानडीत धाकटा भाऊ, म्हणायचे, मुलींनासुद्धा. मुली हसायच्या. "हसा, हसा. घसा मोकळा होतो," असं ते म्हणायचे.

माझं सगळं शिक्षण हैदराबादला इंग्रजीत झालं होतं. शाळेत आले तेव्हा माझं मराठी फार पुस्तकी होतं. सर मला म्हणाले, "बाई, तुम्ही बोललात की वाटतं, तार आलीय." मला राग आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर एक लांबट वही आणून ठेवली. "तुम्ही टापटिपीच्या आहात. माझ्या कपाटाचं रजिस्टर तुम्ही ठेवा. मला जमत न्हाई." अशी त्यांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आली.

त्या कपाटात काय होतं ते नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं. एक टेपरेकॉर्डर, ज्याचं झाकण रबराने बांधलेलं. चार कॅसेटी, पाठीवर एक ते चार आकडे घातलेल्या. एक पत्र्याचा तुकडा, एक सूप, एका डब्यात ज्वारी. आणि एक स्लाइड प्रोजेक्टर. तो सरांनी एका सरकारी कचेरीच्या मोडीतून मिळवला होता. आधी तो हिवतापाविरुद्धच्या प्रचाराला गावोगाव फिरलेला. त्याच्यासोबत एकच स्लाइड आली होती: भिंतभर दिसणारा डास.

नाटकाच्या दिवशी खिडक्यांना गोणपाट लावून वर्ग अंधारा करायचे. पहिली स्लाइड नेहमी डासाची. पोरं ओरडायची. सर गंभीरपणे सांगायचे, "नमस्कार करा. हा आपला सूत्रधार. ह्यानं अख्खा जिल्हा हिंडलाय, तुम्ही अजून बसस्टँड ओलांडला न्हाई." मग पुढच्या स्लाइडी, त्या मुलांनी केलेल्या. दवाखान्यातून टाकून दिलेले एक्स-रे आणायचे, गरम पाण्यात सोडा घालून त्यावरचा काळा थर खरवडायचा, की खाली स्वच्छ पारदर्शक फिल्म निघे. तिचे चौकोन कापून फोटो रंगवायच्या रंगांनी त्यावर महाल, वेस, नदी काढायची. एका स्लाइडवर थर नीट निघाला नव्हता. राणीच्या महालामागे कुणाच्या तरी बरगड्या दिसत. सरांनी ती मुद्दाम ठेवली. "महाल म्हणलं की आत माणूस असायचाच," म्हणाले.

त्यांचा एकच कडक नियम होता. प्रोजेक्टरच्या उजेडातून कुणी ताठ चालायचं नाही. सावली पडता कामा नये. स्वतः इतके उंच, पण भिंतीकडे जाताना गुडघ्यात वाकून, जवळजवळ रांगत जायचे. आम्ही शिक्षक त्याला हसायचो. त्यांच्या त्या किंचित वाकलेपणाचं कारण मला पुष्कळ उशिरा समजलं.

नाटक म्हणजे नववीच्या पुस्तकातला सातवा धडा. एका जुन्या नाटकातला प्रवेश होता. आंधळी राणी युद्धावर गेलेल्या मुलाची वाट पाहत महालात बसलेली असते, आणि एक द्वारपाल वेशीवर कोण कोण येतंय ते तिला सांगत राहतो. भाषा जड, वाक्यं लांब. इतर तुकड्यांत तो धडा पंधरा मिनिटांत वाचून संपवत. सर त्याला महिना लावायचे. प्रत्येक मुलाला आधी ते वाक्य आपल्या घरच्या बोलीत म्हणायला लावायचे. "राणीच्या भाषेत नको. तुझ्या आईला सांगायचं असलं तर कसं सांगशील? तसं म्हण." मग हळूहळू पुस्तकातलं वाक्य तोंडात बसवायचे. "आधी आवाज, अर्थ मागून चालत येतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शेवटी टेपवर भरायचं. सुपात ज्वारी घोळवली की पाऊस, पत्रा हलवला की गडगडाट. अंधारात भिंतीवर महाल आणि पेटीतून स्वतःचाच आवाज राणी होऊन येतोय, हे ऐकताना चौदा वर्षांच्या पोरांचे चेहरे काय होत, ते मला सांगता येणार नाही. मी मागे उभी राहून बघायची. माझ्या वर्गात तसे चेहरे कधी झाले नाहीत.

आणि दिवाळीच्या सुट्टीआधी ते सगळं पुसून टाकायचे. सगळ्यांच्या देखत रेकॉर्डचं बटण दाबायचे आणि कोरा आवाज भरायचे. "नाटक संपलं, मांडव उतरवा." चारच कॅसेटी होत्या हे एक कारण, पण ते एकच नव्हतं. मी रजिस्टरमध्ये प्रत्येक कॅसेटसमोर काय भरलं ते लिहायची, आणि शेवटच्या रकान्यात सर स्वतःच्या हाताने लिहायचे, "दिवाळीपूर्वी पुसणे."

त्या वर्षी द्वारपालाचं काम संगीताकडे आलं. औसा तालुक्यातल्या एका गावातली मुलगी, लातूरला वसतिगृहात राहायची. काळीसावळी, बारीक, आणि फार स्पष्ट बोलणारी. सगळं भरून झाल्यावर सरांनी पुसायचा नियम सांगितला, तशी ती उभी राहिली.

"सर, कामून पुसता?"

"पुसलं तरच परत म्हणावं लागतंय, तम्मा."

"पन हे चांगलं झालंय की."

"परत म्हणशील तवा याच्यापेक्षा चांगलं म्हणशील."

ती खाली बसली, पण तिला पटलं नव्हतं हे दिसत होतं. हे बोलणं माझ्यासमोर झालं. मी तेव्हा रजिस्टर भरत होते. तीन नंबरची कॅसेट, दोन्ही बाजू, सातवा धडा.

गणपती विसर्जनाला वसतिगृहातल्या पुष्कळ मुली गावी गेल्या. संगीताही गेली. विसर्जनानंतरच्या पहाटे भूकंप झाला.

त्याच्याबद्दल तुम्ही पुस्तकात वाचाल. मी फक्त आमच्या शाळेपुरतं सांगते. लातूर शहरात भिंतींना भेगा गेल्या, माणसं अंगणात झोपायला लागली. पण खेड्यांतली दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर बसली. शाळा काही दिवस बंद होती. उघडली तेव्हा हजेरी घेताना प्रत्येक वर्गात काही नावांना उत्तर आलं नाही. नववीत संगीताच्या नावाला आलं नाही. मी पुढचं नाव घेतलं. दुसरं काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

सरांनी मुलांना सावरायला नाटक काढलं. त्यांना वाटलं, अंधार, चित्रं, ओळखीचे आवाज, पोरं जरा विसरतील. खिडक्यांना गोणपाट लागले. डास आला. कुणी ओरडलं नाही. मग सरांनी सवयीने पत्रा हातात घेतला आणि वादळासाठी एकदाच हलवला.

सगळा वर्ग उठून दाराकडे पळाला. दोन मुलं पायांखाली आली. प्रोजेक्टर स्टुलावरून पडला. बाहेर मैदानात मुलं थरथरत उभी होती, आणि सर त्यांच्यामध्ये पत्रा हातात घेऊन उभे. तो खाली ठेवायचंही त्यांना सुचत नव्हतं. एक मुलगा रडत म्हणाला, "सर, तसाच आवाज आला हुता. आधी तसाच आला हुता."

त्या दुपारी सरांनी तो पत्रा उकिरड्यात टाकला, रजेचा अर्ज दिला आणि खेड्यांकडे निघून गेले. मदतीच्या ट्रकवर, ढिगाऱ्यांवर, पत्र्याच्या शेडपाशी, जिथे हात लागेल तिथे. बरेच दिवस आले नाहीत.

इकडे शाळेचं दुसरंच चालू झालं होतं. लातूरचं नाव तेव्हा निकालांसाठी गाजायला लागलं होतं. मेरिटच्या यादीत मूल आणायचं, ही गावाची ईर्षा झाली होती. पहाटे सहाची बॅच, संध्याकाळी सहाची बॅच, गल्लीगल्लीत क्लासच्या पाट्या. मुख्याध्यापक मला म्हणाले, "बाई, भूकंपानं पोरांचे दिवस गेलेत. वसतिगृहातल्या दहावीच्या पोरांसाठी तुमची आदर्श उत्तरं टेपवर भरून द्या. पोरं रात्रंदिवस ऐकतील."

"कॅसेटी कुठल्या?" मी विचारलं.

"हासेगावकरांच्या हायत की. नाटकच आहे त्यावर. आणि सातवा धडा तसाही आता ऑप्शनला टाकलाय."

मला ते योग्य वाटलं. ते मला नीट आणि सोयीचं वाटलं, हे मी लपवत नाही. मी रजिस्टर काढलं. दिवाळी आठ दिवसांवर होती. चारही कॅसेटींसमोर सरांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, "दिवाळीपूर्वी पुसणे." मी तीन नंबरची कॅसेट घेतली, कारण तिचा आवाज सगळ्यांत स्वच्छ येतो अशी माझीच नोंद होती. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसून दोन्ही बाजूंवर इंग्रजी पत्रलेखन भरलं. मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज. मैत्रिणीला अभिनंदनाचं पत्र. सावकाश, स्वल्पविराम, पूर्णविराम सांगत. मग रजिस्टरमध्ये लिहिलं, "पुसली. इंग्रजी पत्रे." खाली सही केली.

त्यात संगीताचा आवाज आहे, हे माझ्या मनात आलं नाही. तुम्ही विचाराल, कसं आलं नाही? मी स्वतःला तेच विचारत आलेय.

दिवाळीनंतर सर परत आले. वाळलेले, दाढी वाढलेली, हाताला फडकं बांधलेलं. त्याच आठवड्यात एका दुपारी शिक्षकांच्या खोलीच्या दारात एक शेतकरी येऊन उभा राहिला. पायात दोन वेगवेगळ्या चपला. बहुधा मदतीतल्या.

"हासेगावकर गुरुजी कोन?"

"मीच. या. बसा."

तो बसला नाही. "मी बाबूराव. संगीताचा बाप. माझ्या लेकीचा आवाज हाय म्हनं तुमच्याकडं. डब्यात."

सर उभे राहिले. "कोण म्हणालं?"

"तीच म्हनली हुती. इसर्जनाला आली तवा. म्हनली, आबा, माझा आवाज साळंत ठिवलाय. आमी हसलो तिला." मग म्हणाला, "फोटू न्हाई वो एकबी. काडलाच न्हवता. म्हनून म्हनलं, बगावं."

सरांनी माझ्याकडे बघितलं. किल्ली द्या, एवढाच त्याचा अर्थ होता. मी कपाट उघडलं, रजिस्टर त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ती ओळ वाचली. माझी सही वाचली. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात सर म्हणाले, "बाबूराव, माझी एक पद्धत हाय. दर साली दिवाळीआधी सगळं पुसतो. औंदाबी पुसलं. चूक झाली."

बाबूराव म्हणाला, "बरं."

नुसतं "बरं." मग टोपी नीट केली आणि जायला वळला. कुणी एसटी चुकली म्हणून सांगावं आणि दुसऱ्याने ऐकून घ्यावं, तसं.

"दम धरा," सर म्हणाले. "कॅसेट लांब असती. माणसाचं बोलणं तेवढं लांब नसतं. शेवटाला कधी कधी उरतं. बसा. बघू."

त्यांनी रेकॉर्डर टेबलावर ठेवला. पुढे नेऊन शोधता आलं असतं, पण त्या मशीनचं फॉरवर्डचं बटण टेप खायचं. सरांना धोका घ्यायचा नव्हता. त्यांनी कॅसेट सुरुवातीपासून लावली.

आणि आम्ही तिघंजण माझा आवाज ऐकत बसलो. पहिली बाजू पूर्ण, मग दुसरी. बाबूराव खुर्चीच्या टोकावर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, एकही इंग्रजी शब्द कळत नसताना एकेका शब्दाकडे कान लावून बसला होता. पुढच्या वाक्याला ती बोलेल म्हणून. दर वाक्याला. मध्येच त्याने विचारलं, "हे कोन बोलायलंय?"

सर म्हणाले, "ह्या आमच्या बाई."

बाबूरावाने माझ्याकडे बघून मान हलवली. "चांगलं बोलतात," म्हणाला.

मला आयुष्यात पुष्कळांनी चांगलं म्हटलं आहे. त्यातलं एवढंच मी विसरू शकले नाही.

दुसरी बाजू संपत आली. माझं शेवटचं पत्र संपलं, सही, पत्ता, पूर्णविराम. खट्ट आवाज झाला. मग सुपातल्या ज्वारीचा पाऊस ऐकू आला, आणि पावसातून संगीता बोलली. जेमतेम दोन-चार वाक्यं. मग टेप संपली.

बाबूराव "हाव," एवढंच म्हणाला. मग, "अजून एकडाव लावता का, गुरुजी?"

सरांनी लावली. मग पुन्हा एकदा लावली. चौथ्यांदा हात नेला, तेव्हा बाबूरावानेच अडवलं. "बास. झिजंल."

सर कॅसेट काढून द्यायला लागले. त्याने घेतली नाही. "माज्याकडं कशावर लावू? पत्र्याची खोली, कडी न्हाई तिला. साळंतच राहू द्या. ती साळंतच ठिवली म्हनली हुती."

तो गेल्यावर सरांनी खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि कॅसेटच्या पाठीवरची प्लॅस्टिकची दोन बारकी झाकणं तोडून टाकली. ती तोडली की कॅसेटवर परत काही भरता येत नाही. मग उरलेल्या तिन्ही कॅसेटींचीही तोडली. त्यांवर दुसऱ्या मुलांचे आवाज तसेच होते. मला रडू येत होतं. मी म्हणाले, "सर, मी त्यांना सांगायला हवं होतं. मी सांगते. थांबवून आणते."

"नका सांगू, बाई. पुसणे म्हणून मी लिहिलं, तुम्ही फक्त वाचलं." स्क्रू-ड्रायव्हर खिशात ठेवत म्हणाले, "आणि त्याच्याकडं आता दोघांवर राग धरायला जागा न्हाई. एकावर पुरे."

त्यानंतर बाबूराव दर एक-दोन महिन्यांनी यायचा. पंचनाम्याच्या, घराच्या कागदांसाठी त्याला लातूरला यावंच लागे. कचेरीतलं काम झालं की शाळेत यायचा. सर तास सोडून यायचे. तो कधी दोनदापेक्षा जास्त लावू द्यायचा नाही. जाताना मला नमस्कार करायचा, आणि मीही करायची. एवढंच. बरीच वर्षं हे चाललं.

पण सरांचं काहीतरी बिघडलं ते बिघडलंच. त्यांनी मुलांचे आवाज भरायचं सोडून दिलं. नव्या कॅसेटी आणणं अवघड नव्हतं. मी दोनदा आणूनही दिल्या. त्यांनी त्या तशाच कपाटात ठेवल्या. म्हणाले, "ज्याला पुसायचं धाडस न्हाई त्यानं भरू नये." सातवा धडा ते आता इतरांसारखा पुस्तकातून वाचायचे, आणि वाचायचे तेही वाईट. द्वारपालाचं वाक्य आलं की पान उलटायचे. मुलं तक्रार करायची नाहीत, कारण धडा ऑप्शनलाच होता. पुढे पुस्तक बदललं आणि तो धडाच गेला. गोणपाट लावून अंधार करायची ती खोली दहावीच्या जादा तासांना दिली गेली. तिथे मोठी ट्यूबलाइट लागली. मुख्याध्यापक कधीतरी म्हणाले, "हासेगावकर, तुम्ही पण एखादी बॅच घ्या की. व्याकरणाची." सर म्हणाले, "घेतो." आणि घेतली. हा माणूस 'नाही' म्हणेल, भांडेल, असं मला वाटलं होतं. तो भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी निवृत्त झाले आणि आम्ही नांदेडला राहायला आलो. सर आधीच निवृत्त होऊन कुठे तरी मुलाकडे गेलेत, एवढंच ठाऊक होतं. काही वर्षांनी हदगावला राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने आपल्या मुलीला नांदेडमधल्या वैद्यकीय प्रवेशाच्या क्लासला घातलं, आणि पालकांच्या सभेला त्याच्या वतीने मला जावं लागलं. तुम्ही तसा क्लास पाहिलेला नाही. सिनेमागृहाएवढा हॉल, शेकडो मुलं, एकाच रंगाच्या वह्या, आणि छताला टांगलेला प्रोजेक्टर. सभा सुरू व्हायला वेळ होता. मुलं डबे खात होती. समोरच्या प्रचंड पडद्यावर एकाएकी डास आला.

तोच डास. डाव्या पंखाजवळ तोच ओरखडा.

मी उठून उभी राहिले. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपाशी सर बसले होते. तोच राखी बुशशर्ट, केस पूर्ण पांढरे. मला बघून ते हसले. "या बाई. सूत्रधार अजून कामावर हाय. बायॉलॉजीत लागतो ह्यांना. फोटो काढून कॉम्प्युटरात टाकला."

"सर, तुम्ही इथे?"

"मुलगा हितं नोकरीला हाय. घरी बसून काय करायचं? ह्यांना तारा जोडणारा माणूस पायजे होता. काम सोपं हाय. कुणाला काही म्हणायला लावायचं नसतं." हॉलकडे बघून म्हणाले, "पोरं हुशार हायत. दिवसभर एक शब्द बोलत न्हाईत."

मी बाबूरावाबद्दल विचारलं. ते म्हणाले, "मागच्या साली गेला. शेवटपर्यंत येत होता. मी नांदेडला आलो तर हितंबी यायचा." मग त्यांनी खालच्या पिशवीतून रुमालात बांधलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या हातात दिलं. तीन नंबरची कॅसेट.

"माझ्याकडं कशाला, सर?"

"रजिस्टर तुमच्याकडं होतं. शेवटची नोंद चुकीची हाय. दुरुस्त करा."

तेवढ्यात कुणीतरी व्यासपीठावरून हाक मारली. माइक चालत नव्हता. सर उठले आणि पडद्यासमोरून निघाले. प्रोजेक्टर वर छताला होता, उजेड त्यांच्या डोक्यावरून पुष्कळ उंचावरून जात होता, सावली पडण्याचा प्रश्नच नव्हता. तरी ते गुडघ्यात वाकले, जवळजवळ रांगत, डासाच्या पायांखालून, पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. पुढच्या रांगेतली मुलं हसली. सरांनी मागे वळून पाहिलं नाही.

मी त्यांना त्यानंतर पाहिलं नाही. दोन वर्षांनी ते गेल्याचं कळलं, तेही उशिरा.

ते रजिस्टर शाळेत राहिलं आणि शाळेची जुनी इमारत पाडली तेव्हा कशाबरोबर गेलं कुणास ठाऊक. म्हणून दुरुस्ती इथे करते. "पुसली" ही नोंद खोडावी. त्याऐवजी लिहावं: बहुतेक पुसली, मी पुसली, आणि बाबूरावांना ते कधी सांगितलं नाही.

प्रोजेक्टर उरला नाही. स्लाइडी उरल्या नाहीत. संगीताचं गाव त्याच नावाने दुसऱ्या जागी वसलं आहे, जुन्या जागेवर झुडपं आहेत. कॅसेट माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात, उजव्या बाजूला आहे. तुमच्या बाबांनी मागच्या खेपेला ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, कशाची ते त्यांना माहीत नव्हतं. कॉम्प्युटरवरची ती प्रत या पत्राबरोबर पाठवते आहे. माझी इंग्रजी पत्रं कापून टाकू नका. बाबूराव ती प्रत्येक वेळी आधी ऐकायचा, तुम्हीही ऐका. त्यानंतर पाऊस येतो, आणि हे एवढं आहे:

"महाराणी, वेशीवर कोणी तरी हुबं हाय. नाव सांगत नाही." मग थोडं थांबून, "सर, चुकलं माझं. परत म्हणू का?" आणि सरांचा आवाज, लांबून, "राहू दे, तम्मा. पुढं म्हण."